म्हाताऱ्या कुत्र्याचा शेवटचा काळ : घरच्यांनी काय करावे

आपल्या वस्त्यांमध्ये कुत्रा सहसा विकत आणलेला नसतो. पावसाळ्यात हातगाडीखाली भिजत पडलेले पिल्लू पोरं उचलून आणतात. आई दोन दिवस ओरडते, तिसऱ्या दिवशी तीच दुधात चपाती कुस्करून त्याच्यापुढे ठेवते, आणि पिल्लू घरचे होऊन जाते. पुढे १२-१३ वर्षे ते दारात बसते. रात्रपाळीवरून येणाऱ्याला गल्लीच्या तोंडाशी घ्यायला जाते. त्याच्याबरोबर वाढलेली पोरं बारावी होतात, थोरली सासरी जाते, आणि एक दिवस लक्षात येते की मोत्याला आता उठायला वेळ लागतो.

इथून पुढचे दिवस कसे काढायचे, हे आपल्याला कोणी सांगत नाही. म्हणून या अंकात आम्ही त्याबद्दलच लिहीत आहोत : म्हातारपण कोणते आणि आजार कोणता, घरी काय काळजी घ्यावी, घरच्या माणसांनी स्वतःला कसे जपावे, दयामरणाचा प्रश्न आला तर काय विचार करावा, आणि तो गेल्यावर काय करावे.

"माणसाला मिळत नाही, तिथे कुत्र्याचे काय एवढे?"

घरातले वडीलधारे कधी कधी असे विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या आजा-पणज्यांनी अशी गावे पाहिली, जिथे तळ्यावर जनावरे पाणी पीत आणि आपल्या माणसांना पाण्याला हात लावायची बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले ते याच अन्यायाविरुद्ध. या देशात आम्हाला कुत्र्यामांजरांपेक्षा वाईट वागवले जाते, हे त्यांनी १९३१ साली गांधीजींना समोरासमोर ऐकवले होते.

पण तो दोष माणसांचा आणि त्यांच्या व्यवस्थेचा होता, कुत्र्याचा नव्हता. बाबासाहेबांच्या स्वतःच्या घरी कुत्रा होता. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेला त्यांच्या कुटुंबाचा फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात यशवंतराव, माता रमाई, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका टॉबीही आहे. तेव्हा घरच्या कुत्र्यासाठी जीव तुटला तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

कर्ज काढून उपचार करा, असे आमचे म्हणणे नाही. मुलांची फी आणि घरातल्या आजारी माणसाचे औषध आधी. पण पुढे सांगितलेले बरेचसे थोड्या पैशांत आणि थोड्या लक्षात होण्यासारखे आहे.

म्हातारपण आणि आजार यांतला फरक

आपल्याकडचा गावठी कुत्रा नीट खायला-प्यायला मिळाले तर साधारण १२ ते १५ वर्षे जगतो. मोठ्या अंगाच्या विलायती जाती ८-१० वर्षांतच थकतात. तोंडावरचे केस पांढरे होणे, डोळ्यांवर निळसर झाक येणे, कमी ऐकू येणे, जास्त झोपणे, मागचे पाय ताठ होणे हे वयाचे बदल आहेत.

मात्र प्रत्येक अशक्तपणा म्हातारपणाचा नसतो. गोचिडांमुळे येणाऱ्या तापात कुत्रा दोन-चार दिवसांत गळून जातो. तो औषधाने बरा होऊ शकतो. मादी खूप पाणी पिऊ लागली, पोट फुगले किंवा मागून घाण स्राव येऊ लागला, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिथे एकेक दिवस महत्त्वाचा असतो. तोंडाला घाण वास येणे आणि खाणे सोडणे यामागे कधी फक्त किडलेला दात असतो. म्हणून "वय झाले त्याचे" म्हणून सोडून देण्याआधी एकदा तरी जनावरांच्या डॉक्टरला दाखवा.

आणखी एक गोष्ट वस्तीत नेहमी घडते. म्हातारा कुत्रा रात्री उठून फिरतो, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, सूर लावून रडतो. शेजारी म्हणतात, कुत्रा रडतोय, कोणाचे तरी मरण जवळ आले. हा निव्वळ गैरसमज आहे. माणसाला म्हातारपणी भ्रम होतो, तसा कुत्र्यालाही होतो. त्याला ऐकू येत नाही, अंधारात दिसत नाही, म्हणून तो घाबरतो. जवळ एक लहान दिवा चालू ठेवला आणि त्याला माणसांच्या जवळ झोपू दिले, तर बहुतेक वेळा रडणे कमी होते. शेजाऱ्यांना हे शांतपणे समजावून सांगा.

दुखते आहे हे कसे ओळखावे

कुत्रा दुखणे लपवतो. तो ओरडत नाही, म्हणजे दुखत नाही असे समजू नका. बसल्या जागी धापा टाकणे, एकच जागा सारखी चाटणे, हात लावताच गुरगुरणे, कोपऱ्यात किंवा खाटेखाली जाऊन बसणे, पायरी चढायला नकार देणे ही दुखण्याची लक्षणे आहेत. मायाळू कुत्रा अचानक चिडका झाला, तर तो बिघडला असे म्हणू नका. बहुधा त्याला वेदना होत असते.

इथे एक धोक्याची सूचना. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नका. क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होऊ शकते. कुत्र्यांसाठी वेगळी औषधे असतात. ती डॉक्टरने वजन पाहून सांगितली, तरच द्यावीत.

घरची काळजी

कोब्याच्या किंवा फरशीच्या थंडीने सांधे जास्त दुखतात. खाली गोणपाट आणि त्यावर जुन्या गोधडीची दोन-तीन पदरी घडी घाला. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी भट्टी होते, तेव्हा त्याला मोरीजवळ किंवा सावलीला हलवा आणि ओले फडके अंगावर फिरवा.

जो कुत्रा उठू शकत नाही, त्याची कूस दर तीन-चार तासांनी बदला. नाहीतर माणसासारख्याच त्यालाही पाठीला आणि खुब्याला जखमा होतात. पावसाळ्यात अशा जखमांवर माशी बसते आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. रोज एकदा शेपटीखाली, कानात, बोटांच्या बेचक्यात पाहा. अळ्या दिसल्या तर रॉकेल किंवा फिनेल ओतू नका, त्याने जिवंत मांस भाजते. डॉक्टरकडे यासाठी साधे औषध असते.

खायला मऊ भात, त्यात उकडलेले अंडे किंवा बिनमसाल्याचे चिकनचे पाणी द्या. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि शिजलेली हाडे देऊ नका. एकदम ताटभर देण्यापेक्षा थोडे थोडे, चार वेळा द्या. पाण्याचे भांडे तोंडाजवळ ठेवा.

घरात लघवी-शी झाली म्हणून मारू नका, ती त्याच्या हातात राहिलेली नसते. आजाराने आपल्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने धुतले, हा प्रसंग विनयपिटकात आहे. घरात आजाऱ्याची घाण काढताना कंटाळा आला, मन चिडले, तर तो प्रसंग आठवावा. ही सेवा फक्त घरातल्या बाईवर टाकू नये. पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी पाळी वाटून घ्यावी.

आपली स्वतःची काळजी

कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो, पावसाळ्यात जास्त. साफ करताना हातात प्लास्टिकची पिशवी घाला, पायाला किंवा हाताला जखम असेल तर ती झाका, नंतर साबणाने हात धुवा. लहान मुले आणि गरोदर बाई यांना हे काम देऊ नका.

दुसरी गोष्ट रेबीजची. कुत्र्याचा जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, पाणी गिळता येईना, आवाज बदलला किंवा तो कारण नसताना चावू लागला, तर "घशात हाड अडकले असेल" म्हणून तोंडात हात घालू नका. त्याला वेगळे ठेवा आणि लगेच डॉक्टरला कळवा. म्हाताऱ्या कुत्र्यालाही दरवर्षी रेबीजची लस लागते.

दुखण्याच्या भरात घरचा कुत्रा कोणाला चावला, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची, तेल लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. तिथे लस मिळते. सगळी इंजेक्शने ठरल्या तारखेला पूर्ण घ्या. मागच्या १० दिवसांत कुत्रा कोणाला चावला असेल, तर ते जनावरांच्या डॉक्टरला आधी सांगा.

निरोपाची वेळ कशी ठरवावी

रोज पाहणाऱ्याला उतरण लवकर कळत नाही. यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर वापरा. रोज रात्री पाच गोष्टी विचारा : आज खाल्ले का? पाणी प्यायला का? आधार दिल्यावर तरी उठला का? श्वास शांत होता का? आपल्याला पाहून शेपटी हलवली का? तीन किंवा अधिक उत्तरे "हो" असतील तर त्या तारखेवर टिंब काढा, नसतील तर फुली मारा. एका आठवड्यात टिंबांपेक्षा फुल्या जास्त झाल्या, तर डॉक्टरला विचारायची वेळ आली आहे. श्वास लागत असेल किंवा तो सारखा कण्हत असेल, तर आठवडाही थांबू नका.

तेव्हा डॉक्टर दोन वाटा सांगतील. एक, वेदना कमी करणारे औषध देऊन त्याला घरीच नैसर्गिक मरण येऊ देणे. दोन, दयामरण.

इथे आपल्या घरांत पहिल्या शीलाचा प्रश्न उभा राहतो. प्राणिहिंसेपासून दूर राहू असे आपण रोज वंदनेत म्हणतो, मग आपल्याच कुत्र्याला इंजेक्शन कसे द्यायचे? या बाबतीत सगळ्यांचे मत एक नाही. पारंपरिक थेरवादी मत असे, की हेतू करुणेचा असला तरी जाणूनबुजून प्राण घेऊ नये. ज्यांना ते पटते, त्यांनी पहिली वाट निवडावी. मात्र मग वेदनेचे औषध आणि सेवा यांत कसूर करू नये.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला जागा देते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी मांडले. अहिंसेच्या मुळाशी सर्व जीवांवरचे प्रेम आहे. आम्हाला वाटते, की बरा होण्याची आशा नाही, औषधाने वेदना थांबत नाही, आणि डॉक्टरचाही तोच सल्ला आहे, अशा वेळी दयामरणाचा निर्णय घेणाऱ्या घराला शील मोडल्याचा दोष देता येणार नाही. पण कुत्रा घाण करतो, त्रास होतो, जागा अडते, एवढ्या कारणासाठी तो निर्णय घेतला, तर तिथे करुणा राहत नाही. आपला हेतू कोणता आहे हे घरच्यांनी एकत्र बसून, प्रामाणिकपणे तपासावे. वाटले तर विहारातल्या भन्तेजींशी बोलावे.

या दोन्हींपेक्षा वेगळी अशी एक तिसरी वाट काही जण धरतात. कुत्र्याला पोत्यात घालून रुळांपलीकडे, हायवेला किंवा लांबच्या बाजारात सोडून येतात. आंधळा, बहिरा कुत्रा तिथे भुकेने किंवा गाडीखाली मरतो, आणि शेवटपर्यंत घर शोधत राहतो. जनावराला उपाशी-तहानेले राहावे लागेल अशा जागी टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. क्रूर पद्धतीने मारणे हाही गुन्हाच आहे, मग विष घालणे असो की डोक्यात काठी घालणे. कायदा नसता तरी ही वाट आपली नव्हे.

दयामरणात नेमके काय होते

हे फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे असते. आधी गुंगीचे औषध देतात, काही मिनिटांत कुत्रा झोपी जातो. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा फार मोठा डोस देतात. गाढ बेशुद्धीत श्वास थांबतो, मग हृदय थांबते. याला बहुधा काही मिनिटेच लागतात. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा दीर्घ श्वास येऊ शकतो, स्नायू थरथरतात, लघवी होते. ते पाहून "अजून जिवंत आहे, त्याला दुखते आहे" असे वाटू शकते, पण तसे नसते.

तुम्ही जवळ थांबू शकता. त्याचे डोके मांडीवर घ्या, नेहमीच्या नावाने हाक मारा. ज्याला पाहवत नाही त्याने बाहेर थांबावे, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. जाताना घरची चादर घेऊन जा. खर्च किती येईल हे आधीच विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी जनावरांचा दवाखाना असतो. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि मुंबईतील पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही उपचार होतात. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचे जुने धर्मादाय रुग्णालय आहे.

तो गेल्यावर

घरी मरण आले, तर आधी खात्री करा. छाती हलत नाही, डाव्या कोपराच्या मागे हात ठेवल्यावर पाच मिनिटे ठोके लागत नाहीत, डोळ्याला बोट लावल्यावर पापणी मिटत नाही, म्हणजे तो गेला.

मृतदेह नाल्यात, खाडीत किंवा कचराकुंडीत टाकू नका. शहरात महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला कळवा आणि सोय काय आहे ते विचारा. मुंबईत मालाडला महापालिकेचे लहान प्राण्यांसाठी दहनगृह आहे. गावाकडे स्वतःची जागा असेल तर विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब, निदान चार फूट खोल खड्डा करून पुरा. दयामरण दिलेल्या कुत्र्याच्या शरीरात ते औषध राहते. दुसऱ्या जनावरांनी उकरून खाल्ले तर तीही मरू शकतात, म्हणून खड्डा उथळ ठेवू नका. रेबीजचा संशय असेल तर उघड्या हाताने मुळीच उचलू नका.

मेलेले जनावर उचलणे म्हटले की आपल्या जुन्या माणसांच्या मनात वेगळीच कळ उठते. मेलेली गुरे ओढण्याचे काम गावाने आपल्यावर लादले होते. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून समाजाने ते नाकारले, त्यासाठी बहिष्कार आणि मार सोसला. आपल्या कुत्र्याला आपल्या हाताने माती देणे ही ती वेठ नव्हे. हे आपण मायेने, आपल्या मर्जीने करतो. मात्र तेच काम सफाई कामगारावर "उचल रे" म्हणून टाकू नका. मृतदेह चादरीत नीट गुंडाळून द्या, त्याच्या हातात हातमोजे आहेत का पाहा, नसतील तर द्या, आणि त्याला दादा, मामा म्हणून बोला. तो बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या वस्तीतला असतो.

दहावे, तेरावे, उतारा, मांत्रिक यांची काही गरज नाही. श्राद्ध आणि पिंडदान आपण २२ प्रतिज्ञांमध्येच सोडून दिले आहे. घरच्यांनी एक मेणबत्ती लावावी, त्रिशरण-पंचशील घ्यावे, सर्व जीवांसाठी मैत्रीभावना करावी, पुरेसे आहे. त्याची उरलेली औषधे डॉक्टरकडे परत द्या, दुसऱ्या गरिबाच्या कुत्र्याला उपयोगी पडतील. अंथरूण साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच दुसऱ्या कुत्र्याला घाला.

मुलांना खरे सांगा

"मोत्या पळून गेला", "गावाला पाठवला", "झोपलाय" असे मुलांना सांगू नका. पळून गेला म्हटले तर मूल दारात वाट पाहत बसते. झोपलाय म्हटले तर त्याला स्वतःच्याच झोपेची भीती वाटू लागते. साध्या शब्दांत सांगा : मोत्या म्हातारा झाला होता, त्याचे शरीर थकले, तो मेला, आता तो परत येणार नाही. इंजेक्शन दिले असेल तर तेही सांगा, आणि आपण आजारी पडल्यावर मिळते ते इंजेक्शन बरे करणारे असते, ते वेगळे, हेही सांगा. नाहीतर पोर दवाखान्यालाच घाबरेल. अनित्य हा शब्द मुलांनी विहारात ऐकलेला असतो. त्याचा अर्थ त्यांना इथे पहिल्यांदा कळतो, म्हणून त्यांच्या प्रश्नांना वेळ द्या. रडू द्या, त्याचे चित्र काढू द्या, माती द्यायला न्या.

मोठ्यांनाही दुःख होते, विशेषतः दिवसभर घरी एकट्या असणाऱ्या आजीला किंवा पाळीवरून येणाऱ्या माणसाला. जेवण न जाणे, दारात त्याची चाहूल लागल्यासारखे वाटणे, "आणखी काही करता आले असते का" असे सारखे वाटणे हे काही दिवस होतेच. ते दुःख दारूत बुडवू नये. आजीजवळ संध्याकाळी कोणीतरी बसावे, त्याच्या आठवणी काढाव्यात. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप नाही, अन्न नाही, जगण्यात मन नाही असे असेल, तर डॉक्टरला दाखवा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

नवे पिल्लू लगेच आणायची घाई करू नका. आणाल तेव्हा पहिल्याच महिन्यात लस सुरू करा आणि योग्य वयात नसबंदी करून घ्या. मादीच्या बाबतीत गर्भाशयात पू होणे त्याने टळते, आणि वेळेवर केली तर सडांच्या गाठींचा धोकाही बराच कमी होतो.

सध्या ज्यांच्या दारात म्हातारा कुत्रा आहे, त्यांनी आज संध्याकाळी दोन कामे करावीत. त्याच्या अंगाखाली गोधडीची घडी घालावी, आणि जवळच्या जनावरांच्या दवाखान्याचा फोन नंबर व वेळ कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवावी. गरज रात्री-अपरात्री पडते, तेव्हा शोधत बसायला नको.

जयभीम. नमो बुद्धाय.